मागून ठोकली, चूक आपलीच, तर इन्शुरन्स मिळतो का?

भाऊ, तुम्ही विचारलं की वर्धा रोडवर समोरच्या गाडीला तुम्हीच मागून ठोकलं तर क्लेम रिजेक्ट होईल का. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान भरणारी, असेल तर त्या कारणानं नाही होणार. आपल्या गाडीच्या नुकसानीत चूक कोणाची हे बघत नाहीत, दारू प्यायलेली नसावी आणि लायसन्स चालू असावं हे मात्र बघतात. नुसतं थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरणारं, असेल तर आपल्या गाडीचा एक रुपया मिळत नाही.

माझं सांगतो, छत्रपती चौकात सिग्नलला मी असाच घुसलो, मागे पोरगं रडत होतं म्हणून वळून पाहिलं आणि धडाम. बिल 17,000. बंपर 8,000 चा, प्लास्टिक म्हणून अर्धे कापले, बोनेट 5,000 चं, गाडीला चार वर्षं झालेली म्हणून 35 टक्के कापले, वरून क्लेममध्ये आपणच भरायचे कंपल्सरी 1,000, पेंटमधलेही थोडे, म्हणजे सात हजारावर माझ्याच खिशातून गेले ना. झीरो डेप, म्हणजे पार्टचे असे पैसे न कापणारं जादा कव्हर, घ्यायला कंजुषी केली होती. आणि खरा फटका रिन्यूअलला बसला, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, 45 टक्क्यांवर होता, पुढे 50 झाला असता, तो सरळ शून्य, आता परत 20 पासून चढा. हे आधी कोणीच सांगत नाही बे! म्हणून आधी गॅरेजवाल्याकडून अंदाज घ्या, किरकोळ असेल तर स्वतः भरून मोकळे व्हा.

समोरच्याचं नुकसान थर्ड पार्टीतून, गाडी-मालमत्तेचं साडेसात लाखांपर्यंत, पण ते ट्रिब्युनलमधून, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टातून, जातं, त्यामुळे छोट्या डेंटसाठी लोक आपापल्या पॉलिसीवरच भागवतात. कोणाला लागलं असेल तर आधी दवाखाना आणि पोलीस, ती भरपाई ट्रिब्युनल ठरवतं, तिला वरची मर्यादा नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. माझ्याकडून समोरच्या गाडीवाल्यानं तिथंच कागदावर लिहून मागितलं, "चूक माझी, सगळा खर्च देतो." मी लिहूनच देत होतो, मेव्हण्यानं फोनवर अडवलं. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय असं काही कबूल करायचं नाही, अशी पॉलिसीत अटच असते. फोटो काढा, नंबर घ्या, त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर, म्हणजे कंपनीचा नुकसान तपासणारा माणूस, येईपर्यंत गॅरेजवाल्याला गाडी उघडू देऊ नका. मी दोन दिवस बंपर सुतळीनं बांधून फिरलो.