कॅन्सरच्या रेडिएशनचं प्लॅनिंग (कुठे किती डोस द्यायचा ते ठरवणं) एआयने केलं आणि चूक झाली तर जबाबदार कोण? पेशंटला आधी सांगायला हवं का?

नैतिकदृष्ट्या जबाबदारी प्लॅनवर सही करणाऱ्या डॉक्टरची आणि त्यांच्या टीमची, आणि हो, पेशंटला सांगायलाच हवं. मी प्लॅनिंगच्याच कामात आहे, तिथे एआय बहुतेक वेळा काय करतं तर सीटी स्कॅनच्या एकेका स्लाइसवर मज्जारज्जू, लाळग्रंथी, डोळ्याची नस अशा रेडिएशनपासून वाचवायच्या अवयवांच्या कडा आखून देतं, हाताने तासन्‌तास चालणारं काम काही मिनिटांत होतं, पण रेघ दोन-तीन मिलिमीटर जरी चुकली तरी मज्जारज्जूला (मर्यादा साधारण ४५ ते ५० ग्रे, ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) जास्त डोस जाऊ शकतो. खरी गोची ही की रेघा इतक्या सुबक दिसतात की दमलेला माणूस नीट न बघताच ओके करतो. थेरॅक-२५ या रेडिएशन देणाऱ्या मशीनवर १९८५ ते १९८७ मध्ये ६ जणांना भयंकर ओव्हरडोस गेला, तेव्हा कुठे एआय होतं, सॉफ्टवेअरवरचा विश्वास तेवढा होता! म्हणून डॉक्टरांना विचारा:
- आखणी कोणी तपासली?
- आधी ऑपरेशन झालंय किंवा शरीरात धातूचं इम्प्लांट आहे, तर आखणी हाताने दुरुस्त केली का?

फक्त एआय नको म्हणून ट्रीटमेंट लांबवू नका, हाताने आखलं तरी दोन डॉक्टरांच्या रेघा तंतोतंत जुळत नाहीत.