जुना फोल्डिंग कॅम्पर ट्रेलर मागून बसलाय, दार लागत नाही: चेसी बदलावी की वेल्डिंगवर भागेल?

तुमच्या प्रश्नातलं कामाचं तेवढं आधी परत लिहितो. छत वर उचलून दोन्ही टोकांना पलंग बाहेर काढायचा जुना ट्रेलर, भिंती कॅनव्हासच्या, लातूरजवळ शेतात उभा असतो, मागच्या कॅरिअरवर १५० लिटरची टाकी आणि एक कूलर, चेसीला ७५ची सी चॅनल (७५ मिमी उंचीचं, इंग्रजी C आकाराचं लोखंड). आता मागून खाली बसलाय, दार चौकटीला घासतं, छत एका कोपऱ्याला झुकतं. वेल्डर म्हणतो दोन्ही लांब चॅनल बदला.

चॅनल आत्ता आणू नका. जालन्यात माझं ट्रॉल्यांचं फॅब्रिकेशन आहे. फोल्डिंग ट्रेलर आमच्याकडे क्वचित येतो, बसलेली चेसी मात्र बारमाही. आषाढीच्या आधी दिंड्यांच्या ट्रॉल्या, दिवाळीच्या आधी उसाच्या, आणि येणाऱ्याचं म्हणणं एकच, "मागून बसलीय, प्लेट मारून द्या." प्रत्यक्षात खाली काय गेलंय ते दर वेळी वेगळं निघतं. कधी जमीन, कधी पाटे (एक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), कधी चेसी, कधी नुसता तळाचा प्लाय. तुमच्याकडे यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम झालेल्या असणार. शोधायचं खालून वर, आणि दुरुस्तीही त्याच क्रमाने.

जमिनीपासून सुरू करतो, कारण ट्रेलर शेतात आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कोपऱ्यांच्या चार पायांपैकी दोन खचले आणि दोन जागेवर राहिले की चेसीला पीळ बसतो. मग चेसी धडधाकट असली तरी दार वाकडं दिसतं, छतही वाकडं दिसतं. म्हणून आधी ट्रेलर काँक्रीटवर आणा. जिनिंगचं आवार, गोडाऊनसमोरचा कोबा, काहीही चालेल. चारही पाय वर घ्या, चाकांना दगड लावा, गाडीला जोडायच्या हुकाखाली ठोकळे देऊन लेव्हल करा आणि रात्रभर तसाच सोडा. सकाळी दार लावून बघा. थोडंफार काम इथंच झालेलं असेल.

ते कोपऱ्याचे पाय ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, उचलायला नसतात. हँडल फिरवून एकाच कोपऱ्याने ट्रेलर उचलायची सवय असेल तर आजपासून बंद करा. सगळी चौकट त्यानेच पिळली जाते.

आता चेसी का बसते ते. पक्क्या भिंतींच्या कॅरॅव्हॅनमध्ये भिंतसुद्धा भार पेलते, कारण ती एक उंच तुळईच असते. तुमच्याकडे भिंत कापडाची. सगळं वजन चेसी आणि तळावर, आणि पलंग बाहेर काढले की माणसंसुद्धा टोकांवर झोपतात. एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या दांड्याच्या, मागचा भाग म्हणजे घराचा सज्जा समजा. सज्ज्याच्या टोकावर ठेवलेल्या वजनाने येणारा बाक लांबीच्या घनाने वाढतो, म्हणजे सज्जा दुप्पट लांब असेल तर त्याच वजनाने आठपट बाक. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, कूलर वेगळा, आणि हे सगळं अगदी शेवटच्या टोकावर. वर आपल्याकडचे स्पीडब्रेकर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावच्या माणसाला टाकी सोबत असल्याशिवाय घर सोडवत नाही हे मला कळतं, पण ती टाकी एक्सलच्या वर किंवा थोडी पुढे, तळाशी बांधा. मागच्या वजनाने हूक हलका होतो हा आणखी एक धोका. हुकावर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी यायला हवा, नाहीतर वेग घेतला की ट्रेलर मागे झोल मारायला लागतो.

मोजणीला गवंड्याची लाइनदोरी पुरते. एका बाजूच्या लांब चॅनलच्या खालच्या कडेला पुढच्या आणि मागच्या टोकाशी २५ मिमी जाडीचे दोन तुकडे धरा, त्यांच्यावरून दोरी ताणून बांधा. पाट्यांची ब्रॅकेटं आड येत असतील तर दोरी बाहेरच्या अंगाने न्या. मग दर फुटावर दोरी ते चॅनल अंतर लिहून काढा. एक्सलपाशी २५ पेक्षा जास्त आलं तर टोकं खाली गेलीत, कमी आलं तर मधला भाग झोळ खातोय. हे दोनदा करायचं, एकदा टाकी-कूलर उतरवून आणि एकदा टाकी भरून. रिकाम्या ट्रेलरला अंतर सगळीकडे जवळजवळ सारखं आलं तर लोखंड शाबूत आहे, वजन तेवढं जास्त होतं. रिकाम्यातही बाक राहिला तर तो कायमचा. हुकाच्या मध्यापासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतरही मोजा, ते सारखं यायला हवं. पीळ बघायला गवंडी लेव्हलला वापरतात ती पाण्याची नळी चारही कोपऱ्यांना लावा.

त्यानंतर मागच्या आडव्या चॅनलखाली जाड फळी घालून जॅकने अगदी हळू उचला आणि एका माणसाला दारापाशी उभं करा. उचलाल तसं दार सुटायला लागलं तर दोष चेसीत. ढिम्म हललं नाही तर दाराची चौकट किंवा तळ. ही चाचणी फुकट आहे आणि माझ्या मते वेल्डरच्या नजरेपेक्षा खात्रीची.

पाट्यांचं थोडक्यात. एक्सल ते चेसी अंतर दोन्ही बाजूंना मोजा. एक बाजू कमी भरली तर पाटे बसलेत. हायवेवरचे कमानवाले (पाटे दुरुस्त करणारे) पाटे थंडच ठोकून कमान भरून देतात, ती बहुतेक वेळा पुन्हा बसते. नवे पाटे घ्या आणि जोडीनेच घ्या. जादा पाटा टाकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. पाटा कडक झाला की रस्त्याचा दणका थेट चेसीत जातो.

तळाच्या प्लायला कडेकडेने स्क्रूड्रायव्हर टोचत जा, विशेषतः दाराखाली आणि कोपऱ्यात. सहज आत गेला तर तेवढा प्लाय गेला. कॅनव्हासच्या शिवणीतून झिरपलेलं पाणी तिथेच साचतं. नवा टाकायचा तर आयएस ७१० चा मरीन प्लाय, कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करून. खालून पत्रा ठोकून सगळं झाकून टाकू नका, ओल आतच राहते. आणि बोल्टसाठी चॅनलच्या फ्लँजला (वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला) नवी भोकं पाडू नका, चॅनलच्या उभ्या बाजूला अँगलचे तुकडे लावून त्यावर बोल्ट घ्या.

हे सांगायचं कारण असं की मागून बसलेल्या चेसीत एक्सलच्या आसपास वरचा फ्लँज ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. तडा शोधायचा तो वरच्या फ्लँजवर, बहुतेकदा अशाच एखाद्या जुन्या भोकापासून निघालेला. खालच्या फ्लँजला सुरकुती दिसते का ते बघा, खास करून पाट्याच्या ब्रॅकेटजवळ. गंज आणि रंग वायर ब्रशने काढल्याशिवाय यातलं काहीच दिसत नाही.

सुरकुती नसेल आणि गंजाने आरपार खाल्लं नसेल, तर चॅनल बदलायची गरज नाही. तळ उघडा, बॅटरीच्या तारा काढा, गॅसची टाकी आणि कॅनव्हास लांब ठेवा. ट्रेलर एक्सलपाशी पक्क्या घोड्यांवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरायचं नाही. मग मागची दोन्ही टोकं जॅकने थोडी-थोडी उचलत दोरी सरळ करा आणि त्याहून तीन-चार मिमी वर न्या, कारण सोडल्यावर लोखंड थोडं परत येतं. तडा असेल तर त्याच्या टोकाला सहा मिमीचं भोक पाडा म्हणजे तो पुढे पळत नाही. तडा ग्राइंडरने व्ही आकारात खोलून भरून घ्या. त्यानंतर सी चॅनलची उघडी बाजू प्लेटने बंद करून तिचा बॉक्स करा, एक्सलच्या पुढे-मागे दोन-दोन फूट तरी. बॉक्स झाला की पीळ सोसायची ताकद कितीतरी वाढते, आणि फोल्डिंगला गरज नेमकी तिचीच असते. प्लेट चॅनलच्याच जाडीची घ्या. खूप जाड लावली तर पुढचा तडा प्लेट संपते तिथे जातो. प्लेटची टोकं तिरकी कापा आणि टोकाशी आडवा वेल्ड मारू नका.

वेल्डिंगचा क्रम तर वेल्डरला समोर उभं राहून सांगा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि ज्या अंगाला मारला त्या अंगाला लोखंड ओढतो. खालच्या कडेला एका दमात लांब वेल्ड ओढला तर जॅकने वर आणलेली टोकं परत खाली येतात, आणि मालकाला वाटतं काम कच्चं झालं. वरची कड आधी, दोन-दोन इंचांचे टाके, मध्ये जागा सोडत, डावी-उजवी आलटून पालटून. दर थोड्या टाक्यांनी दोरी बघायची. शेवटी खालच्या अंगाला पाणी निघायला भोकं ठेवा आणि आतून प्रायमर ओता.

सुरकुती असेल किंवा पाट्याच्या ब्रॅकेटजवळ गंजाने आरपार खाल्लं असेल, तर वेल्डरचं खरं. तेव्हा मात्र ७५च्या जागी ७५ नको, १००ची टाका. मीटरला सात किलोची साडेनऊ किलो होते, पण ताठपणा दुपटीच्या वर जातो. इथं जालन्यात रोलिंग मिलांमुळे माल भरपूर आहे, त्यात हलकाही आहे. तुकडा काट्यावर टाकून मीटरचं वजन बघा, कमी भरला तर जाडी खाल्लेली आहे. फक्त लांबी, एक्सलची जागा किंवा हूक बदलायच्या फंदात आरटीओला विचारल्याशिवाय पडू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना लागू होतं.

छत सगळ्यात शेवटी. चेसी वाकडी असताना छत उचलणाऱ्या कोपऱ्यांच्या खांबांच्या केबल ओढून छत सरळ करायला गेलात तर केबल तुटते नाहीतर खांब अडकतो. चेसी लेव्हल झाल्यावर कोपरा तरीही झुकला तर त्या खांबाची केबल ताणलेली किंवा पुली झिजलेली असणार. पलंगाखालचे तिरके टेकू चेसीवरच्या आपापल्या खोबणीत नीट बसतात का तेही तेव्हाच बघा, टेकू अधांतरी राहिला तर पलंगाच्या सरक्या वाकतात. आणि छतावर एसी ठेवायचा विचार असेल तर सोडा, ते खांब तेवढ्यासाठी बनवलेले नसतात.

दोरीची दोन्ही वेळची मापं आणि एक्सलजवळच्या दोन्ही फ्लँजचे घासलेले फोटो इथंच खाली टाका. प्लेट किती लांब घ्यायची ते त्यावरून सांगतो.