पहिला जॅक रसेल टेरियर घरी आणण्यापूर्वी

तुम्ही जॅक रसेल जातीचा कुत्रा पाळायचे ठरवले आहे, याचा मनापासून आनंद आहे. मात्र आकार लहान म्हणून तो मांडीवर बसून राहील, असा समज करून घेऊ नका. इंग्लंडमधील डेव्हन परगण्याचे शिकारप्रेमी धर्मगुरू जॉन रसेल यांनी १८१९ मध्ये ऑक्सफर्डजवळ ‘ट्रम्प’ नावाची पांढरी मादी विकत घेतली आणि पुढे कोल्ह्याच्या बिळात शिरून, भुंकून त्याला बाहेर काढणारे टेरियर जोपासले. पांढरा रंग हवा, कारण गडबडीत कुत्रा आणि कोल्हा यांत गल्लत होऊ नये. छातीही अशी बेताची की खांद्यांमागे ती दोन हातांच्या कवेत मावावी, नाहीतर अरुंद बिळात तो अडकायचा.

सुरुवातीला एवढे सांभाळा:

- उकरण्याबद्दल शिक्षा करू नका. वाळूची एक पेटी द्या आणि तिच्यात त्याचे खेळणे पुरून ठेवा.
- मोकळ्या जागी पट्टा सोडू नका. खार दिसली की त्याचे अंग ताठ होते, नजर खिळते आणि मग तुमची हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.
- ससा किंवा पांढरे उंदीर घरात असतील, तर त्यांना त्याच्याजवळ एकटे ठेवू नका.

नवख्यांच्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे पिल्लू गोंडस आहे म्हणून शिस्त लांबणीवर टाकणे. पहिल्या दिवसापासून थोडा थोडा वेळ, खाऊ देत शिकवा. हा हुशार कुत्रा झपाट्याने शिकतो. प्रदर्शनाचे निकष आणि वंशावळीचा तपशील तूर्त बाजूला राहू द्या.