हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रक्त रात्रीच का घेतात?

हत्तीरोगाचे प्रौढ कृमी लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातील लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांत, राहतात. त्यांची सूक्ष्म पिल्ले, म्हणजेच मायक्रोफायलेरिया, दिवसा मुख्यतः फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत थांबतात आणि रात्री साधारण १० ते २ या वेळेत त्वचेजवळच्या रक्तात मोठ्या संख्येने येतात. ही वेळ क्युलेक्स डासाच्या चावण्याच्या वेळेशी जुळते, आणि परजीवीचे हे वेळापत्रक मला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. १८७७ मध्ये स्कॉटिश डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय येथे, रुग्णाचे रक्त प्यालेल्या डासांचे विच्छेदन करून, हे कृमी डासाच्या शरीरात विकसित होतात असे दाखवले. मात्र डास मेलेल्या पाण्यातून ते माणसात जातात, हा त्यांचा समज चुकीचा होता. कृमी डासाच्या सोंडेतून बाहेर पडतात, हे १९०० मध्ये स्पष्ट झाले. डासाच्या शरीरात त्यांची संख्या वाढत नाही, त्यामुळे रोग जडण्यासाठी बहुधा दीर्घकाळ अनेक दंश व्हावे लागतात.

प्रतिजन, म्हणजे रक्तातील कृमींचे अंश, ओळखणारी पट्टी-चाचणी दिवसाही करता येते. तरीही रक्तात मायक्रोफायलेरिया आहेत की नाहीत, म्हणजे त्या व्यक्तीकडून डासांना संसर्ग होऊ शकतो का, हे पाहण्यासाठी रात्रीचा रक्तनमुनाच उपयोगी पडतो. म्हणून विदर्भात रात्री दारी आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना कृपया परत पाठवू नका.