गचाचा म्हणजे नक्की काय? रवांडाबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: एवढा नरसंहार झाला, मग नेहमीच्या कोर्टात खटले का नाही चालवले?

अहो, कोर्टं शिल्लक होती कुठे. १९९४ च्या एप्रिल ते जुलैत, साधारण १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं मारली, बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजातली, त्यात जज-वकीलही गेले आणि नंतर जेलमध्ये लाखाच्या वर आरोपी कोंबलेले. म्हणून गावातली जुनी तंटे मिटवायची पद्धत नव्या कायद्यात बसवली, तीच गचाचा; २००२ ला काही ठिकाणी करून पाहिली, २००५ पासून देशभर, २०१२ ला बंद. तेवढ्यात १९ लाखांवर केसेस निकाली निघाल्या, आणि तिकडे टांझानियातल्या अरुशात याच नरसंहारासाठी बसवलेल्या आंतरराष्ट्रीय कोर्टात एकूण आरोपी फक्त ९३!

प्रश्न: म्हणजे आपल्या जात पंचायतीसारखंच ना?

नाही हो. जात पंचायत कायद्याला जुमानत नाही, म्हणून तर आपल्याकडे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आणावा लागला. गचाचात पंच गावाने निवडलेले, बिनपगारी, त्यात बायकाही. वकील नाही. आठवड्यातून एकदा कामधंदा बंद ठेवून सगळे मोकळ्या जागेत गवतावर बसायचे (गचाचा हा शब्दच गवतावरून आलाय) आणि समोर उभा कोण, तर कालपर्यंत ज्याच्याकडून विस्तव आणला तो शेजारी.

प्रश्न: कबुली दिली की शिक्षा कमी, मग पश्चात्ताप खरा कशावरून?

बऱ्याचदा नसतोच, उगाच भाबडं कशाला व्हायचं. पण नुसतं 'चुकलो' म्हणून भागायचं नाही, सोबत कोण होतं आणि प्रेत कुठे टाकलं हेही सांगावं लागायचं. कितीतरी घरांना आपलं माणूस कुठल्या संडासाच्या खड्ड्यात आहे हे तिथेच कळलं, मग ते काढून रीतसर पुरलं. माझ्या मते गचाचाची खरी कमाई एवढीच, माफीबिफी नंतर.

प्रश्न: मग फसलं कुठे?

आरपीएफच्या, म्हणजे ज्या तुत्सीबहुल बंडखोर फौजेने लढाई जिंकून सत्ता घेतली तिच्या सैनिकांनी केलेल्या हत्या तिथे आल्याच नाहीत, हे सगळ्यात मोठं. साक्षीदारांना धमक्या, जमिनीच्या भांडणातून खोटे आरोप हेही झालं. २००८ पासून बलात्काराच्या केसेसही गचाचाकडे दिल्या, सुनावणी बंद दाराआड, पण गावात त्या दारातून कोण आत गेलं हे लपतं का?

प्रश्न: लुटलेल्या मालाचं काय?

दोन तृतीयांश केसेस त्याच्याच! छपराचे पत्रे, दारं, गायी. भरपाईचे आदेश निघाले, पण देणाऱ्याच्याच घरात खायची मारामार, तो देणार कुठून.