'मूकबधिर' की 'कर्णबधिर'?

प्रश्न असा आहे: "शाळेच्या अहवालात मी 'मूकबधिर विद्यार्थी' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'कर्णबधिर' केलं. बधिर म्हणजेच ऐकू न येणारा, मग 'कर्ण' कशाला? आणि 'मूक' काढल्याने अर्थ अपुरा राहत नाही का?"

बाईंची दुरुस्ती योग्य आहे, पण दोन्ही शंका रास्त आहेत. पहिलीचं उत्तर मराठीच्या इतिहासात मिळतं. दुसरीसाठी थेट कानात आणि घशात डोकवावं लागतं.

संस्कृतात 'बधिर' म्हणजे बहिरा. हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला. प्राकृतातून येताना 'ध'चा 'ह' झाला, जसं दधिचं दही झालं, आणि 'बहिरा' तयार झाला. संस्कृतातला 'बधिर' जसाच्या तसाही उचलला गेला. ऐकू न येण्यासाठी बोलीत 'बहिरा' होताच, म्हणून असेल, पण रोजच्या मराठीत 'बधिर' रुळला तो संवेदना हरपलेला या अर्थाने. बसून बसून पाय बधिर होतो. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात. वाईट बातमीने मन बधिर होतं. यातल्या कशाचाच कानाशी संबंध नाही. त्यामुळे नुसतं 'बधिर' म्हटलं की मराठी वाचणाऱ्याला क्षणभर अर्थ चाचपावा लागतो, आणि 'कर्ण' जोडला की तो पक्का होतो. संस्कृतच्या हिशेबाने ही पुनरुक्ती आहे, मराठीच्या हिशेबाने नाही. (दोन्ही अर्थी 'धि' ऱ्हस्वच. शब्द तत्सम आहे, 'बधीर' लिहू नये.)

आता 'मूक'. आपल्याकडे इंद्रियांची जुनी मोजणी दहाची आहे. कान, त्वचा, डोळे, जीभ, नाक ही पाच ज्ञानेंद्रिये. वाणी, हात, पाय आणि उत्सर्जन-जननाची दोन ही पाच कर्मेंद्रिये. कान एका यादीत आणि वाणी दुसऱ्या यादीत आहे, हे लक्षात घ्या. (जीभ मोठी मजेदार: चव घेते तेव्हा ज्ञानेंद्रिय, बोलते तेव्हा वाणीच्या सेवेत.) 'मूकबधिर' या समासात दोन विशेषणं जोडलेली आहेत, म्हणजे एकाच माणसाची दोन इंद्रियं निकामी आहेत असं तो शब्द सांगतो. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांबाबत ते खरं नाही.

आवाज कानात शिरून पडद्यावर आदळतो. पडद्याला लागून हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडं आहेत. त्यातली रिकीब, जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड आहे. तिथून कंपनं आतल्या कानातल्या गोगलगायीच्या शंखासारख्या वळसेदार नळीत जातात. या भागाला डॉक्टर कॉक्लिया म्हणतात. तिथल्या केशपेशी कंपनांचे विद्युत संदेश करतात आणि श्रवणाची नस ते मेंदूकडे नेते. माणसाच्या कानातल्या या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दोष या वाटेवर कुठेही असू शकतो: पडद्यात, हाडांत, केशपेशींत किंवा नसेत.

बोलण्याची यंत्रणा मात्र अगदी वेगळी आहे. फुप्फुसांतून येणारी हवा, स्वरयंत्रातले स्वरतंतू, टाळू, जीभ, दात, ओठ. कानातल्या केशपेशी मेल्या म्हणून स्वरतंतूंना काही होत नाही. ऐकू न येणारं बाळ रडतं, हसतं, आवाज काढतं. ऐकू येणारी बाळं साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा, दादादा' करू लागतात. ऐकू न येणारी बाळं तिथे मागे पडतात, कारण स्वतःचा आणि इतरांचा आवाज ऐकून जुळवून घेण्याची सोय त्यांना नसते. म्हणजे बोलणं अडतं ते ऐकण्यामुळे. वाणीचं इंद्रिय शाबूत असतं. आणि घरात खुणांची भाषा असेल तर हीच बाळं त्या वयात हातांनी बडबडू लागतात, असं १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं. ज्याचे हात इतकं बोलतात त्याला मूक कसं म्हणायचं?

या शब्दाने शिक्षणात जे घडवलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मूल मुकं आहे असं एकदा मानलं की त्याला बोलतं करणं हेच शिक्षकाचं मुख्य काम ठरतं. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. तिने ठराव केला की शिक्षण तोंडी बोलण्यातूनच व्हावं, खुणांतून नाही. पॅरिसमध्ये आबे द लेपे यांनी अठराव्या शतकातच खुणांच्या आधारे शाळा चालवून दाखवली होती, तरीही. पुढे कित्येक दशकं अनेक देशांतल्या शाळांत खुणांना बंदी होती. मुलांनी ओठांकडे बघून समजून घ्यायचं, अशी अपेक्षा.

ते किती अवघड आहे हे मराठीतच करून बघा. आरशासमोर आवाज न काढता पाट, पाठ, भाट, माठ असं म्हणा. चारही वेळा ओठ सारखेच हलतात. क आणि ग तर घशाजवळ उच्चारले जातात, ते दिसतच नाहीत. एवढ्या तुटपुंज्या खुणांवरून मुलाने गणित, इतिहास, विज्ञान शिकायचं होतं. मिलानच्या त्या ठरावांचे दुष्परिणाम याच परिषदांच्या मालिकेने २०१० साली कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे मान्य केले आणि ते ठराव नाकारले. मध्ये १३० वर्षं गेली.

निकाराग्वातली मुलं याचं फार सुंदर उत्तर देतात. १९७०च्या दशकाच्या शेवटी तिथे बधिर मुलांसाठी शाळा निघाली. वर्गात ओठवाचन आणि बोलणं शिकवत होते. मुलांनी मात्र खेळताना, येता-जाता आपसांत खुणा रचल्या, आणि पाठोपाठच्या लहान मुलांनी त्यांना व्याकरण दिलं. एक नवी भाषा जन्माला आली, कोणी न शिकवता. ही मुलं 'मूक' नव्हती.

हेलन केलरना मराठीत अजूनही सर्रास 'अंध, मूक आणि बधिर' म्हटलं जातं. १९ महिन्यांच्या असताना आजाराने त्यांची दृष्टी आणि श्रवण गेलं. पण १८९०पासून त्या तोंडाने बोलायला शिकल्या आणि पुढे देशोदेशी व्याख्यानं दिली. त्यांच्यासाठी 'बधिरांध' हा शब्द पुरेसा आणि अचूक आहे.

मग 'मूक' टाकून द्यायचा का? मुळीच नाही. मूकपट, मूकसंमती, मूक मोर्चा यांत तो चोख बसतो. बाबासाहेबांनी १९२० साली काढलेल्या 'मूकनायक'मधले मूक म्हणजे ज्यांचं म्हणणं समाज ऐकूनच घेत नव्हता ते. ऐकू येतं पण मेंदूच्या इजेमुळे भाषा गेली, अशा स्थितीला 'वाचाघात' हा नेमका शब्द आहे. तिथेही 'मुका' म्हणू नये.

'श्रवणदोष' हा शब्द डॉक्टरी अहवालात ठीक, कारण त्यात कमी ऐकू येणारेही सामावतात. माणसाबद्दल लिहिताना मी तो टाळतो. खुणांची भाषा ही ज्यांची पहिली भाषा आहे अशा अनेकांना स्वतःला दोषयुक्त म्हणवून घेणं पटत नाही; १९५१ साली रोममध्ये स्थापन झालेला त्यांचा जागतिक महासंघही 'बधिर' हाच शब्द मिरवतो.

तुमच्या अहवालात 'कर्णबधिर विद्यार्थी' ठेवा. संस्थेच्या नोंदलेल्या नावात 'मूकबधिर' असेल तर ते नाव तसंच लिहा, विशेषनाम आपण बदलायचं नसतं. आणि 'मुक्यांची भाषा' असं कुठे लिहिलं असेल तर तिथे 'सांकेतिक भाषा' करा. मला स्वतःला 'खुणांची भाषा' अधिक आवडतं, कारण 'सांकेतिक' म्हटलं की गुप्त लिपीही आठवते. पण अधिकृत नाव 'भारतीय सांकेतिक भाषा' असंच रूढ आहे.