साखर कमी करायचीय ना, मग सुरुवात चहापासून करा

ताई, एकदम सगळं बंद करू नका, तिथंच बहुतेकांचं फिसकटतं, चार दिवस कडक पाळतात आणि पाचव्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स रिकामा. पहिला महिना फक्त चहा धरा. दोन चमच्यांचे दीड, मग एक, जीभ खरंच सरावते. चमचाभर साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम, त्यात बिस्किटं, केचप, सरबत सगळं आलं.

दुसरं, पाकीट उलटं करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. परवा मुलाच्या बिस्किटांवर बघितलं, मैद्यानंतर लगेच साखर आणि पुढे इन्व्हर्ट सिरप, म्हणजे साखरेचाच पाक, वेगळं! समोरच्या 'मल्टिग्रेन'ला भुलू नका.

गूळ-मध कितीही चालतो ही नेहमीची चूक, तीही साखरच. ज्यूस नको, अख्खं फळ खा.

आणि नुसतं तूप-तेल तोडून साखरेकडे काणाडोळा नको. १९६७ चा हार्वर्डच्या संशोधकांचा लेख आठवा, हृदयरोगाचा सगळा दोष फॅटवर, आणि पैसे दिलेले अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने, हे उघड झालं २०१६ ला!

शुगरची गोळी चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. बाकी कॅलरी वगैरे नंतर बघू.